गावरान कोंबडीची रोगप्रतिकारशक्ती आणि पैदाशीच्या नराची निवड

दर्यापूर तालुक्यातील खारपाणपट्ट्याच्या गावांत कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा ही शेतकऱ्याची मुख्य पिके होत. परंतु आठवड्याच्या बाजारी घरातील स्त्रीच्या हाती जो रोख पैसा येतो, त्यात परसातील दहा-वीस गावरान कोंबड्यांचा वाटा लहान नसतो. या कोंबड्यांना वेगळा खर्च नाही आणि वेगळे घरही नाही. उकिरड्यावरील किडे, खळ्यात सांडलेले दाणे आणि रात्री डालग्याखाली निवारा एवढ्यावर त्या गुजराण करतात. त्यांचा मोठा शत्रू एकच. गावात मरी शिरते, कोंबड्यांच्या माना वाकड्या होतात, हिरवट हगवण लागते आणि आठ-दहा दिवसांत डालगे रिकामे होते. वीसातील दोन-तीन कोंबड्या मात्र उरतात. त्या का उरल्या, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मरी पुन्हा येण्यापूर्वी पैसा करून घ्यावा या विचाराने त्याही पुढच्या बाजारी विकल्या जातात. पेरणीसाठी राखून ठेवावयाचे बियाणे दळून खावे, तसाच हा प्रकार आहे.

गावोगावी याविषयी दोन मते ऐकू येतात. पहिले असे की, गावरान कोंबडीला रोग होत नाही. दुसरे असे की, रोग आला म्हणजे गावरान काय आणि विलायती काय, सर्व सारख्याच मरतात. ही दोन्ही मते एकाच माणसाच्या तोंडून, ऋतूप्रमाणे, ऐकावयास मिळतात हा भाग वेगळा. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. रोगास तोंड देण्याची शक्ती काही अंशी आईबापांकडून पिल्लांकडे येते, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. परंतु ती प्रत्येक रोगापुरती निरनिराळी असते, क्वचितच पूर्ण असते, आणि तिची किंमत कोंबडीला शरीराच्या अन्य कामात मोजावी लागते.

आईची शिदोरी आणि वंशाची देणगी

पिल्लाला आईकडून दोन प्रकारचे संरक्षण मिळते व त्यांची गल्लत करता कामा नये. कोंबडीला पूर्वी एखादा रोग होऊन गेला असेल किंवा लस दिलेली असेल, तर त्या रोगाविरुद्ध तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात व ती बलकातून पिल्लात उतरतात. ही शिदोरी दोन-तीन आठवडे पुरते आणि संपते. ती वारसा नव्हे. पिल्लू मोठे होऊन आपल्या पिल्लांना ती देऊ शकत नाही. दुसरे संरक्षण जनुकांतून येते. ते जन्मभर टिकते व पुढील पिढीतही जाते. मरीतून वाचलेली कोंबडी कोणत्या कारणाने वाचली, हे नुसते पाहून सांगता येत नाही. ती नशिबाने वाचली असेल, पूर्वीच्या प्रतिपिंडांमुळे वाचली असेल किंवा वंशाने वाचली असेल. म्हणून एका कोंबडीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. हा मुद्दा नर निवडताना पुन्हा उपयोगी पडेल.

प्रतिपिंडे शरीरात तयार कशी होतात, याचा उलगडा होण्यास कोंबडीच कारणीभूत झाली ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कोंबडीच्या गुदद्वाराच्या वरच्या अंगास एक लहानशी पिशवी असते. इटलीतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने तिचे वर्णन केले म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तीनशे वर्षांहून अधिक काळ तिचे कार्य कोणास कळले नव्हते. अमेरिकेत ओहायो येथे ब्रूस ग्लिक हा तरुण संशोधक पिल्लांची ही पिशवी काढून प्रयोग करीत होता. त्याच्याकडील काही कोंबड्या एका सहकाऱ्याने वर्गातील प्रात्यक्षिकासाठी नेल्या, तेव्हा त्यांपैकी पिशवी काढलेल्या कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. हे निरीक्षण १९५६ साली एका कुक्कुटशास्त्रीय मासिकात प्रसिद्ध झाले. माणसाच्या शरीरात प्रतिपिंडे बनविणाऱ्या ज्या पेशींना आज 'बी' पेशी म्हणतात, त्यांचे नाव या पिशवीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावरून पडले आहे.

शेतकऱ्यास या पिशवीचे महत्त्व गंबोरो रोगामुळे कळते. १९६२ साली अमेरिकेतील गंबोरो या गावाच्या नावाने ओळखला गेलेला हा रोग नेमका त्याच पिशवीवर घाला घालतो. कोवळ्या वयात हा रोग होऊन गेलेले पिल्लू जगले तरी त्याचा प्रतिपिंडांचा कारखानाच मोडलेला असतो. त्यास पुढे दिलेली राणीखेतची लस नीट लागू होत नाही, आणि दोष मात्र लसीला दिला जातो.

कॉर्नेल येथील दोन वंश

रोगप्रतिकार वंशाने चालतो हे सिद्ध करण्याचे मोठे काम अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झाले. तेथे एफ. बी. हट या शास्त्रज्ञाने १९३५ पासून, त्या काळी कोंबड्यांत फार मृत्यू घडवून आणणाऱ्या गाठींच्या रोगाविरुद्ध निवड सुरू केली. त्याची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. पिल्ले त्याने रोगापासून दूर ठेवली नाहीत. उलट, प्रौढ कोंबड्यांच्या जवळ ठेवून ती मुद्दाम रोगाच्या संसर्गात वाढविली. रोग आल्याखेरीज प्रतिकार दिसत नाही, हे त्यामागील तत्त्व. आणि नराची पारख तो नराच्या रूपावरून करीत नसे. त्याच्या किती मुली जगल्या यावरून करीत असे. पुढे त्याचा सहकारी रॅन्डल कोल याने १९६८ साली मरेक्स रोगाविषयी प्रसिद्ध केलेल्या कामात एकाच मूळ कळपातून, थोड्याच पिढ्यांत, दोन वंश वेगळे काढून दाखविले. एकातील फारच थोडे पक्षी या रोगाने मरत, तर दुसऱ्यातील बहुतेक सर्व मरत. खुराडे, खाद्य व विषाणू एकच होते. फरक केवळ रक्ताचा होता.

रक्ताचा म्हणजे नेमका कशाचा, याचेही उत्तर मिळाले आहे. माणसाप्रमाणे कोंबडीतही रक्तगट असतात. त्यांपैकी 'बी' नावाचा रक्तगट १९५० साली ब्राइल्स व त्याच्या सहकाऱ्यांनी वर्णिला. कोलच्या प्रतिकारक्षम वंशात या गटाचा 'बी-२१' हा प्रकार भरून होता. हा रक्तगट म्हणजे केवळ तांबड्या पेशींवरील खूण नव्हे. कोंबडीच्या ३९ जोड गुणसूत्रांपैकी सोळाव्या, अगदी चिमुकल्या गुणसूत्रावर त्याच्या जनुकांचा जो पुंजका आहे, तोच प्रतिकारयंत्रणेचा नाका आहे. शरीरातील पेशीत विषाणू शिरला की त्याचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून दाखविण्याचे काम ही जनुके करतात. तो तुकडा पाहूनच पहाऱ्यावरील पेशी त्या रोगट पेशीस ठार करतात. तुकडा नीट मांडला गेला नाही, तर पहारेकरी जागा असूनही चोर दिसत नाही. माणसाजवळ अशी मांडणी करणारी जनुके अनेक असतात व एकाची उणीव दुसरे भरून काढते. कोंबडीत मुख्य काम जवळजवळ एकाच जनुकावर येऊन पडते. म्हणूनच एका कोंबडीत आणि दुसऱ्या कोंबडीत रोगाच्या बाबतीत इतका ठळक फरक पडतो.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. 'बी-२१' मरेक्सला चांगला, म्हणून सर्व कळप त्याचाच करावा, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण तो चुकीचा ठरेल. एका रोगाचा तुकडा उत्तम मांडणारा प्रकार दुसऱ्या रोगाच्या वेळी कमी पडू शकतो. ज्या कळपात अनेक प्रकार मिसळलेले असतात, त्यात नव्या रोगातही काही पक्षी वाचण्याचा संभव राहतो. गावरान कोंबडीचा खरा ठेवा तो हाच. तिच्या अंगावरचे नाना रंग जितके डोळ्यांत भरतात, तितकेच नाना प्रकार तिच्या रक्तातही आहेत.

प्रतिकाराची किंमत

अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे सीगल आणि ग्रॉस यांनी एक सोपी कसोटी वापरली. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी कोंबडीला टोचावयाच्या आणि तिच्या रक्तात किती प्रतिपिंडे तयार होतात ते मोजावयाचे. या पेशी रोग करीत नाहीत, पण प्रतिकारयंत्रणा कितपत जागी आहे ते सांगतात. जास्त प्रतिपिंडे देणारा व कमी देणारा असे दोन वंश त्यांनी निवडीने वेगळे केले. त्याविषयीचा त्यांचा निबंध १९८० साली प्रसिद्ध झाला. जास्त प्रतिपिंडे देणाऱ्या वंशातील पक्षी वजनाने हलके राहिले. शिवाय हा वंश काही रोगांत सरस ठरला तरी ई-कोलाय जंतूपुढे कमी प्रतिपिंडांचा वंशच अधिक टिकला. अन्न मर्यादित असते. ते मांसात घालावयाचे, अंड्यात घालावयाचे, की पहाऱ्यावर, हा हिशेब कोंबडीच्या शरीरालाही चुकत नाही.

ब्रॉयलर कोंबडीत हा हिशेब मांसाच्या बाजूने झुकविला गेला. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ सालच्या जातीचे आणि २००५ सालच्या जातीचे पक्षी एकाच खाद्यावर शेजारी-शेजारी वाढविले. ५६ दिवसांच्या वयास पहिल्याचे वजन सरासरी ९०५ ग्रॅम, तर दुसऱ्याचे ४,२०२ ग्रॅम भरले. अन्य एका तुलनेत, जुन्या जातीपेक्षा नव्या जातीत मेंढीच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे कमी आढळली. अर्थात ब्रॉयलर बंद शेडमध्ये, पूर्ण लसीकरणात सहा-सात आठवडे जगावयाचा असतो. त्याच्या मालकाला हा व्यवहार परवडतो. तोच पक्षी उकिरड्यावर सोडून वर्षभर जगण्याची अपेक्षा धरणे मात्र चूक आहे.

आपल्या देशातील संस्थांनी या दोन टोकांमधला मार्ग काढण्याचा प्रयत्न केला. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी वनराजा व ग्रामप्रिया हे रंगीत पक्षी तयार केले. उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलच्या संकरातून निर्भीक, कडकनाथच्या संकरातून श्यामा, आणि उघड्या मानेच्या कोंबडीच्या संकरातून हितकारी काढली. यांतील शेवटची वऱ्हाडाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. उघड्या मानेचे जनुक एका पालकाकडून आले तर पिसे सुमारे २० टक्के आणि दोघांकडून आले तर सुमारे ४० टक्के कमी होतात, आणि अंगातील उष्णता बाहेर पडणे सुलभ होते. अकोला-अमरावतीकडील वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उष्णतेने धापा टाकणारी कोंबडी खाणे कमी करते व तिची प्रतिपिंडे बनविण्याची शक्तीही घटते. उघडी मान दिसावयास चांगली नाही म्हणून बाजारात तिला भाव कमी येतो. पण घरी ठेवावयाच्या कोंबडीत हे व्यंग मानू नये.

राणीखेतपुढे वंश पुरत नाही

ज्या मरीपासून या लेखाचा आरंभ झाला, ती बहुतेक वेळा राणीखेत अथवा मानमोडी हीच असते. कुमाऊँमधील राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास ती आपल्याकडे प्रथम नोंदली गेली. या रोगात वंशाचा भाग आहे, पण मर्यादित आहे. इजिप्तमधील फायूमी ही काटक जात व लेगहॉर्न यांना सौम्य विषाणू देऊन अमेरिकेत तुलना केली असता, फायूमीने विषाणू लवकर हटविला असे दिसले. परंतु तो सौम्य विषाणू होता. गावात येणारा तीव्र विषाणू लस न दिलेल्या कोणत्याही जातीच्या कळपात मोठी हानी करतो. कडकनाथला रोग होत नाही अशी जी जाहिरात कानी येते तिलाही आधार नाही. जानेवारी २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात, म्हणजे कडकनाथच्या माहेरीच, या जातीच्या पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळला होता.

बर्ड फ्लूच्या बाबतीत तर सर्वच कोंबड्यांचा वंश एका जागी उणा आहे. शरीरात विषाणू शिरल्याची पहिली वर्दी देणारे एक जनुक बदकात आहे व कोंबडीत ते नाही, असे २०१० साली कॅनडातील संशोधकांनी दाखविले. बदक पुष्कळदा विषाणू घेऊन हिंडते व कोंबडी मरते, याचे हे एक कारण आहे. २००६ साली नवापूर येथे हा रोग देशात प्रथम आला, तेव्हा महाराष्ट्राने त्याची झळ सोसली आहे. २०२३ साली एडिंबरो येथील रोझलिन संस्थेतील व अन्य संशोधकांनी कोंबडीच्या एका जनुकात बदल करून पाहिला. नेहमीच्या मात्रेत विषाणू दिला असता अशा दहापैकी नऊ कोंबड्यांना लागण झाली नाही. मात्रा हजारपट केली तेव्हा दहापैकी पाचांना झाली. मार्ग आशादायक आहे, परंतु तो अजून प्रयोगशाळेतला आहे.

तेव्हा राणीखेतसाठी लस हाच उपाय. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा तीच, आणि आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी लस कातडीखाली टोचणे, हा क्रम प्रचलित आहे. लसीची एक कुपी शेकडो मात्रांची असते. म्हणून गल्लीतील दहा घरांनी एकच दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये ती आणावी व सकाळच्या थंड वेळी, दोन तासांच्या आत संपवावी. खारपाणपट्ट्यात लस पिण्याच्या पाण्यातून देण्याच्या भरीस पडू नये. विहिरीचे पाणी खारे आणि नळाचे पाणी क्लोरीन घातलेले. दोन्हींत लसीचा भरवसा राहत नाही. थेंब डोळ्यातच घालावा. फार खाऱ्या पाण्याने कोंबड्यांना पातळ हगवण लागते, म्हणून पिल्लांना तरी नळाचेच पाणी ठेवणे बरे.

मरेक्सची छुपी बाजू

हल्ली अनेक घरी योजनेतून अथवा खाजगी उबवणी केंद्रातून आणलेली सुधारित पिल्ले गावरान कोंबड्यांतच सोडली जातात. येथे एक धोका आहे व तो फारसा कोणी सांगत नाही. केंद्रातील पिल्लांना पहिल्याच दिवशी मरेक्सची लस टोचण्याची पद्धत आहे. घरी खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती कधीच मिळत नाही. ही लस कोंबडीला रोगापासून वाचविते, परंतु विषाणूला शरीरात शिरण्यापासून थांबवीत नाही. लस घेतलेला पक्षी ठणठणीत दिसतो आणि त्याच्या पिसांच्या कोंड्यातून विषाणू बाहेर पडत राहतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, लस न घेतलेले पक्षी तीव्र विषाणूने इतक्या लवकर मरत की त्यांच्यापासून रोग फारसा पसरत नसे. लस घेतलेले मात्र जगत व तोच तीव्र विषाणू जवळच्या पक्ष्यांत पसरवीत. याचा अर्थ लस टाळावी असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की, केंद्रातील पक्षी आणि घरची कोवळी गावरान पिल्ले एका डालग्याखाली ठेवू नयेत. पहिले काही आठवडे, जेव्हा पिल्लू सर्वांत दुबळे असते, तेव्हा त्यांचे घर, झाडू व खाद्याची भांडी वेगळी असावीत. दोन ते पाच महिन्यांच्या तलंगांपैकी एखादी एक पाय पुढे व एक मागे टाकून पडू लागली, तर मरेक्सचा संशय धरावा.

नर कसा राखावा

आता निवडीची गोष्ट. सामान्यतः अंगाने भरलेला, लाल तुऱ्याचा कोंबडा प्रथम बाजारात जातो अथवा नवसाला पडतो, आणि मागे जो उरेल तो कळपाचा बाप होतो. ही निवडच आहे, पण उलटी. हट याने वापरलेली कसोटी घरच्या घरी वापरता येते. तिला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक कोंबडीच्या पायात वेगळ्या रंगाची चिंधी बांधावी व तिच्या पिल्लांच्या पायातही तीच, पाय जाड होईल तशी सैल करीत, ठेवावी. लस सर्वांना द्यावी. लस दिल्यावरही सर्वांची प्रतिपिंडे सारखी होत नाहीत. तेथेही वंशाचा फरक उरतोच, आणि लस नसलेले रोग व उन्हाळा हे पारख करावयास आहेतच. दोन उन्हाळे काढलेली, पिल्ले सांभाळून मोठी करणारी, आणि जिच्या रंगाची सर्वांत जास्त पिल्ले दसऱ्यापर्यंत जगली, अशा कोंबडीचा मुलगा नर म्हणून राखावा. एकट्या वाचलेल्या कोंबडीपेक्षा चार भावंडे वाचलेले घराणे अधिक विश्वासाचे. तो नर वजनाने थोडा कमी भरला तरी हरकत नाही. त्याचे कारण वर आले आहे.

आठ-दहा कोंबड्यांस एक नर पुरतो, परंतु तो फार काळ ठेवू नये. बाप व मुलगी यांच्या जोडीतून झालेल्या पिल्लांत सरासरी चतुर्थांश जनुकांच्या जोड्या एकाच पूर्वजाच्या नकला होतात. 'बी' गटाचे नाना प्रकार मग त्या अंगणातून निघून जातात. दर वर्ष-दीड वर्षाने दुसऱ्या गावच्या घराशी नराची अदलाबदल करावी. येवद्याचा नर लासूरला गेला व लासूरचा येवद्यास आला, तर दोघांचे काम पैशाविना होते. अदलाबदलीचा नर मात्र दोन आठवडे वेगळा बांधून, तो निरोगी असल्याची खात्री करून मगच कळपात सोडावा; नाहीतर वंशाबरोबर रोगही पाहुणा म्हणून येतो.

या सर्व नोंदींना अर्थ येण्यासाठी मेलेली कोंबडी कशाने मेली हे कळणे आवश्यक आहे. वाकडी मान म्हणजे राणीखेतच, असे दर वेळी नसते. पुष्कळ कोंबड्या एकाएकी मेल्या तर त्या नाल्यात फेकू नयेत, विकू नयेत व उघड्या हातांनी सोलू नयेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. तेथील अधिकारी पाहणी करून नमुने घेतात व पुढील तपासणीसाठी पाठवितात. अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळच आहे, आणि बर्ड फ्लूचा संशय असल्यास नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे जातात. उत्तर येईपर्यंत उरलेल्या कोंबड्या बाजारात नेऊ नयेत. रोग राणीखेत ठरला, तर त्या उरलेल्यांच्या पायातील चिंध्यांचे रंग पाहून ठेवावेत.